पंचावन्नच्या पुढे मेनिंजायटिसची लस देत नाहीत म्हणे, मग अम्मींनी हजला जाताना काय करायचं?

या वेळचं पत्र खेडच्या एका ताईंचं आहे. पत्र मोठं आहे म्हणून थोडक्यात सांगते. त्यांच्या अम्मी ६८ वर्षांच्या, डायबेटीस आणि बीपी दोन्ही, रोज इकोस्प्रिन (रक्त पातळ ठेवायची गोळी) चालू, आणि यंदा हजला नंबर लागलाय. २०१७ ला अम्मी उमराहला (मक्केची छोटी यात्रा) जाऊन आल्या तेव्हा मेनिंजायटिसची, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या आजाराची, लस घेतलेली, ते कार्ड कपाटात सापडलंय. गेल्या वर्षी फॅमिली डॉक्टरांनी न्यूमोनियाचीही लस दिली. आता मेडिकलवाला म्हणतोय की पंचावन्नच्या पुढे मेनिंजायटिसची लस देतच नाहीत, खोक्यातल्या कागदावर तसं लिहिलंय, आणि ताईंनी स्वतः वाचलं तर खरंच तसं लिहिलेलं. मामा म्हणतात हा लहान पोरांचा आजार आहे, म्हातारं शरीर कशाला टोचायचं, एक एजंट लस न घेताच सर्टिफिकेट करून देतो, कागदाशी मतलब. घरात भावाची नऊ महिन्यांची मुलगी आहे. ताई विचारतात, "लस दिली आणि अम्मींना काही झालं तर मी स्वतःला माफ करू शकणार नाही, नाही दिली आणि काही झालं तरी नाही. नक्की काय करू?"

ताई, लस द्या. आणि ती खरीच द्या, कागदावरची नको. आता का ते सांगते, कारण तुम्हाला घरात मामांना पण समजवायचंय आणि नुसतं डॉक्टर म्हणाल्या एवढ्याने मामा ऐकणार नाहीत हे मला कळतंय.

आधी पंचावन्नचा घोळ सोडवू कारण मूळ भीती तिथूनच आलीय. एखादी लस बाजारात आणताना कंपनी ठराविक वयाच्या लोकांवर चाचण्या करते आणि ज्या वयावर चाचणी झाली तेवढंच वय कागदावर छापायची परवानगी मिळते. मेनॅक्ट्रा नावाची लस जी आपल्याकडे कित्येक वर्षं हजच्या लोकांना दिली गेली तिच्या कागदावर ५५ आहे ते या कारणाने, त्यापुढच्या लोकांना ती धोकादायक ठरली म्हणून नाही. पूर्वी छप्पनच्या पुढच्यांसाठी वेगळी, जुन्या पद्धतीची पॉलिसॅकराइड लस असायची, अमेरिकेत ती २०१७ मध्ये बंद झाली आणि तिथल्या सरकारी तज्ज्ञांनीच सांगितलं की ५६ च्या पुढच्यांना गरज असेल तर नवीन पद्धतीची कॉन्ज्युगेट लसच (मेनॅक्ट्रा त्यातलीच) द्या. त्यानंतर मेनक्वाडफी ही दुसरी कॉन्ज्युगेट लस आली, तिच्या चाचण्या ५६ च्या पुढच्या लोकांवर मुद्दाम केल्या आणि तिला वरची वयोमर्यादाच नाही. आणि आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने आफ्रिकेसाठी जी मेनफाइव्ह बनवली ती तर १ ते ८५ वर्षांच्या माणसांसाठी आहे. म्हणजे वय हे लस टाळायचं कारण नाहीच. दरवर्षी आपल्याकडून लाख दीड लाखाच्या वर माणसं हजला जातात, त्यातले किती सत्तरीचे असतात ते तुम्ही एअरपोर्टवर बघालच, आणि त्या सगळ्यांना ही लस दिली जाते. मेडिकलवाला खोटं बोलला नाही, त्याने कागद वाचला आणि सांगितलं, फक्त त्या कागदाचा अर्थ लावायचं काम त्याचं नव्हतं.

आता मामांचं, की हा पोरांचा आजार. अर्धं खरं आहे. लहान बाळं आणि कॉलेजच्या वयाची मुलं यांच्यात हा जास्त दिसतो. पण वयस्कर माणसाला झाला तर त्यातून उठणं जास्त अवघड जातं, आणि आपल्याला भीती त्याचीच आहे. मेनिंगोकोकस हा या आजाराचा जंतू, साधारण दहातल्या एका माणसाच्या घशात नाकात तो काहीही त्रास न देता नुसता राहत असतो, त्या माणसाला कळत पण नाही. खोकल्यातून, थुंकीतून, एका पेल्यातून पाणी पिण्यातून तो दुसऱ्याकडे जातो आणि कधीतरी एखाद्याच्या रक्तात शिरतो, मग एकतर मेंदूच्या आवरणाला सूज येते नाहीतर रक्तातच विष पसरतं, कधी दोन्ही. उपचार वेळेवर मिळूनही शंभरातले दहा ते पंधरा दगावतात, आणि वाचलेल्यांतही दहातल्या एकदोघांना कायमचं काहीतरी राहतं, ऐकू न येणं, बोटं किंवा पाय कापावे लागणं, फिट येणं. उपचारच नाही मिळाला तर निम्मे जातात.

मी एमडी करत होते तेव्हा एक केस आली होती ती मला अजून डोळ्यांसमोर दिसते. हॉस्टेलचा मुलगा, सकाळी ताप आणि अंग दुखतंय म्हणून झोपून राहिलेला, संध्याकाळी मित्रांनी उचलून आणला. पोटऱ्यांवर जांभळे ठिपके होते, डास चावल्यासारखे वाटतील असे. आमच्या सरांनी बॉलपेन मागून एका ठिपक्याभोवती गोल काढला आणि म्हणाले औषध सुरू करा, अर्ध्या तासाने बघू. अर्ध्या तासाने ठिपका त्या निळ्या गोलाच्या बाहेर गेलेला होता. मुलगा वाचला, डाव्या पायाची तीन बोटं गेली. तेव्हापासून ताप आणि जांभळे ठिपके म्हटलं की मी हातातलं जेवण टाकून उठते.

पण त्याहून जास्त मला लागलेली गोष्ट वेगळी आहे, आणि ती तुमच्या अम्मींच्या वयाची आहे. एक सत्तरीचे चाचा उमराहहून परत आले, तीन दिवसांनी थोडा ताप, खोकला, धाप. घरच्यांनी धरलं की प्रवासाचा शीण, एसीतून उन्हात उन्हातून एसीत. एका दवाखान्यात न्यूमोनियाचं म्हणून गोळ्या दिल्या. दुसऱ्या दिवशी ते फज्रला (पहाटेच्या नमाजला) उठले आणि वुजू करताना, म्हणजे नमाजआधी हातपाय धुताना, मधेच थांबले, पुढे काय करायचं तेच आठवेना, मुलाला त्यांच्या भावाच्या नावाने हाक मारायला लागले. आमच्याकडे आणेपर्यंत बीपी लागत नव्हता. रक्ताच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून बघायची तपासणी) मेनिंगोकोकस निघाला. मान ताठ नव्हती, अंगावर ठिपके नव्हते, पुस्तकात असतं त्यातलं काहीच नव्हतं. ते गेले. लस घेतलेली नव्हती, कार्ड मात्र होतं. म्हणून एजंटचं वाचलं तेव्हा मी पत्र दोन मिनिटं बाजूला ठेवलं.

वयस्कर माणसांत हा आजार असाच फसवतो. या जंतूचे ए, बी, सी, डब्ल्यू, वाय असे प्रकार आहेत, त्यातले डब्ल्यू आणि वाय प्रकारचे जंतू म्हाताऱ्या माणसांत पुष्कळदा न्यूमोनिया बनून येतात, कधी उलट्या जुलाब, कधी एखादा सांधा सुजून लाल होतो. ताप पण धड चढत नाही. नुसतं गोंधळल्यासारखं बोलणं, झोपून राहणं, एवढंच दिसतं आणि आपण म्हणतो दमल्यात. त्यात डायबेटीस.

आणि हजचाच प्रश्न का, तर तिथे या आजाराचा इतिहास आहे. १९८७ च्या हजनंतर ए प्रकारची मोठी साथ आली, तेव्हापासून सौदीने लस सक्तीची केली, पण ती ए आणि सी दोनच प्रकारांची होती. मग २००० आणि २००१ ला डब्ल्यू१३५ (म्हणजेच डब्ल्यू) प्रकार आला जो त्या लसीत नव्हता, आणि जगभरात शेकडो माणसं आजारी पडली. त्यातली कितीतरी माणसं हजला गेलेलीच नव्हती हो ताई, ती घरी होती. हाजींनी तो जंतू घशात घरी आणला, स्वतः ठणठणीत राहिले आणि घरातली लहान मुलं, बायका, म्हातारी आजारी पडली. त्यानंतर २००२ पासून ए, सी, वाय, डब्ल्यू अशी चारही प्रकारांची लस लागते. आता एवढ्यात म्हणाल तर २०२४ च्या एप्रिल मे मध्ये उमराहशी संबंधित बारा केसेस अमेरिका, फ्रान्स आणि ब्रिटनमध्ये सापडल्या, बहुतेक सगळ्या डब्ल्यूच्या, त्यातल्या नऊ जणांनी लस घेतलेलीच नव्हती आणि उरलेल्या तिघांचं माहीत नाही. दोन जण तर प्रवासाला गेलेच नव्हते, जाऊन आलेल्यांच्या सहवासातले होते.

आता तुमच्या घरात नऊ महिन्यांचं बाळ आहे. अम्मी परत आल्या की काय होणार ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. अख्खी वाडी भेटायला येणार, गळाभेटी, खजूर वाटणार, झमझमचं (मक्केहून आणलेलं) पाणी एकाच पेल्यातून घोट घोट फिरणार, आणि दादी सगळ्यात आधी नातीला उचलून तिचा पापा घेणार. कॉन्ज्युगेट लसीचा एक मोठा फायदा हा आहे की ती नुसती आजारापासून वाचवत नाही, घशात जंतू बसण्याचं प्रमाणही कमी करते, जुन्या पॉलिसॅकराइड लसीने ते होत नव्हतं. पूर्ण शून्य होत नाही हे पण सांगते, म्हणून झमझम द्या पण प्रत्येकाला वेगळा छोटा कप द्या. मामांना हे सांगा, की अम्मींच्या दंडाला टोचलेली सुई थोडी त्या बाळासाठी पण आहे. बाळाला स्वतःला ही लस हवी का ते तुमच्या मुलांच्या डॉक्टरांना विचारा, आपल्या सरकारी लसीकरणाच्या यादीत ती नाही त्यामुळे ती आपोआप मिळालेली नसणार.

२०१७ ची लस आता चालणार नाही. सौदीचा नियम असा आहे की कॉन्ज्युगेट असेल तर पाच वर्षं, पॉलिसॅकराइड असेल तर तीन वर्षं, आणि कार्डावर प्रकार लिहिलेलाच नसेल तर तीनच धरतात. आणि पोचायच्या निदान दहा दिवस आधी घेतलेली असली पाहिजे, हे कागदासाठी नाही, शरीराला अँटिबॉडी बनवायला एवढा वेळ लागतोच, त्यात म्हातारं शरीर हळू चालतं, म्हणून मी तर म्हणेन तीन आठवडे आधीच घेऊन टाका. जुनं कार्ड तरी फेकू नका, डॉक्टरांना दाखवा, तेव्हा काही रिअॅक्शन आली नव्हती हे कळणं पण उपयोगाचं असतं.

न्यूमोनियाची लस वेगळी. तो न्यूमोकोकस, हा मेनिंगोकोकस, नावं सारखी म्हणून डॉक्टरांचे कंपाउंडर सुद्धा गोंधळतात. ती घेतली ते छानच केलंत पण ती याच्यापासून वाचवत नाही. आपल्याकडे अजून एक घोळ होतो, मेंदूज्वर हा शब्द आपण जपानी मेंदूज्वराला पण वापरतो, जो डासांमुळे होतो आणि त्याची लस काही जिल्ह्यांत मुलांना देतात. त्यामुळे कुणी म्हणालं मेंदूज्वराची लस झालीय तर नाव विचारा. तुम्हाला हवी ती मेनिंगोकोकल, चार प्रकारांची, ए सी वाय डब्ल्यू.

कुठे घ्यायची? अम्मी हज कमिटीमार्फत जात असतील तर लस सरकारकडून मोफत येते, जिल्ह्याच्या ठिकाणी कॅम्प लागतो, तिथेच पोलिओचे थेंब आणि ६५ च्या पुढच्यांना फ्लूची लस पण देतात, मेनिंजायटिसची आणि फ्लूची लस एकाच दिवशी वेगवेगळ्या दंडात दिलेल्या चालतात. प्रायव्हेट टूरने जात असतील तर टूरवाल्याला आत्ताच विचारा, बरेचदा स्वतः विकत घ्यावी लागते आणि काही हजार रुपये जातात. विकत घेतलीत तर एक सांभाळा. ही लस २ ते ८ डिग्रीत ठेवायची असते आणि गोठली की बाद होते. आपली माणसं काय करतात, मुंबईहून बसमध्ये आणताना खोका सरळ बर्फाच्या पिशवीत दाबतात, की भरपूर थंड राहील, आणि नेमकी तिथेच ती गोठते. वरून बघून काही कळत नाही. त्यापेक्षा जिथे टोचायची त्या दवाखान्यालाच मागवायला सांगा.

अम्मींच्या शुगर बीपीचा लसीला अडथळा नाही, उलट शुगर असलेल्या माणसाला इन्फेक्शन जास्त त्रास देतं म्हणून लस जास्त गरजेची. यात जिवंत जंतू नसतो, त्यामुळे लसीने मेनिंजायटिस होईल ही भीती मनातून काढा. इकोस्प्रिन बंद करू नका, फक्त सिस्टरला आधी सांगा म्हणजे ती बारीक सुई वापरेल, आणि नंतर चोळायचं नाही, कापूस धरून दोन तीन मिनिटं नुसतं दाबून ठेवायचं. एक दोन दिवस दंड दुखेल, थोडी कणकण, डोकं जड वाटेल. अम्मींना त्या दिवशी ताप असेल तर थांबा, आधीच्या डोसला कधी जोरात अॅलर्जी आली असेल किंवा पूर्वी हातापायाची ताकद जायचा गीयां बारे नावाचा आजार होऊन गेला असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. कुणाची प्लीहा काढलेली असेल तर त्यांना दोन डोस लागतात, तुमच्या ओळखीत कुणी असेल तर सांगून ठेवा. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसवा, उठून लगेच गाडीवर बसवून नेऊ नका.

सर्टिफिकेटवर नाव पासपोर्टसारखंच, लसीचं नाव, कॉन्ज्युगेट हा शब्द, बॅच नंबर, तारीख, सही आणि शिक्का. हे तिथल्या तिथे वाचून घ्या, परत जायला लागलं की एक अख्खा दिवस जातो.

या लसीत बी प्रकार नाही आणि कुठलीच लस शंभर टक्के नसते, म्हणून अम्मींसोबत जे जातायत त्यांना हे सांगून ठेवा. तिथे असताना आणि परत आल्यावर दहा दिवस, ताप आणि त्यासोबत जोराची डोकेदुखी, मान वाकवताना त्रास, उजेड सहन न होणं, सारखी उलटी, हातपाय गार आणि ताप मात्र अंगात, धाप, किंवा अम्मी नेहमीसारखं बोलत नाहीयेत असं नुसतं वाटलं तरी थांबायचं नाही. अंगावर ठिपके दिसले तर काचेचा पेला त्यावर दाबून आरपार बघायचं, साधा पुरळ दाबल्यावर फिका पडतो, हा पडत नाही. सावळ्या कातडीवर पटकन दिसत नाही तर तळहात, तळपाय, खालची पापणी खेचून आत, आणि तोंडाच्या आत बघा. पण चाचांसारखं ठिपके न येताही होतं, ठिपक्यांची वाट बघत बसू नका. दवाखान्यात शिरल्या शिरल्या पहिलं वाक्य हे बोला, की पेशंट हजहून आलाय. मला त्या चाचांच्या वेळी हे वाक्य कुणी पहिल्या दवाखान्यात बोललं असतं तर, असं अजून वाटतं. तिथल्या डॉक्टरांना दोष देत नाही, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं आणि त्यांनी विचारलं नाही.

घरात कुणाला निदान झालंच तर बाकीच्या सगळ्यांना लगेच, शक्यतो चोवीस तासांत, प्रतिबंधाचं औषध लागतं. ते डॉक्टरांकडूनच घ्या. मेडिकलमधून सिप्रो नावाच्या अँटिबायोटिकची गोळी आणून वाटू नका, कारण २०२४ च्या त्या केसेसमधले काही जंतू सिप्रोला दाद देत नव्हते, आणि दिल्लीत २००५ ला साथ आली तेव्हाही असे जंतू सापडले होते. मग कुणाला गोळी, कुणाला इंजेक्शन, ते त्यांना ठरवू द्या.

एजंटचं मामांना मी सरळ सांगेन तसं तुम्ही सांगू शकणार नाही, ते मोठे आहेत, म्हणून हे पत्रच त्यांना वाचून दाखवा. मामा, तुम्ही बहिणीची काळजी करताय, तिला टोचून त्रास होऊ नये असं तुम्हाला वाटतंय हे मला दिसतंय. पण मिनाच्या तंबूत खोकणारी माणसं शेजारी शेजारी झोपतात, तवाफमध्ये (काबाच्या फेऱ्या घालताना) खांद्याला खांदा लागतो, तो जंतू कुणाच्या पिशवीतला कागद उघडून बघत नाही. ज्या फर्जसाठी, म्हणजे धर्मातल्या कर्तव्यासाठी, त्या एवढी वर्षं पैसे साठवून निघाल्यात त्याची सुरुवात खोट्या शिक्क्याने करायची हे त्यांना स्वतःला तरी चालेल का, ते त्यांनाच विचारा. माझा अंदाज आहे त्या नाही म्हणतील. आणि तुम्ही पण सोबत जात असाल तर तुमची लस पण त्याच दिवशी होऊ दे, बहिणीच्या शेजारच्या खुर्चीवर बसा, म्हणजे त्यांची भीती कमी होईल.

ताई, लस झाली की कार्डाचा फोटो काढून अम्मींच्या, मामांच्या आणि तुमच्या तिघांच्या फोनमध्ये ठेवा. फोटोत बॅच नंबर वाचता येतोय ना ते मोठं करून बघा, पुसट आला असेल तर उजेडात परत काढा.